दुसरी फाईल

लोकांच्या मशीनमधून हरवलेलं शोधून देणं हा माझा धंदा. लाखनीला हायवेवर, टायर पंक्चरवाल्याच्या शेजारी माझं दुकान आहे. बंद पडलेले कॉम्प्युटर येतात, त्यातले लग्नाचे फोटो, दाखले, प्रबंध मी बाहेर काढून देतो. लोक दोन्ही हातांनी मशीन माझ्या टेबलावर ठेवतात आणि निर्धास्त निघून जातात. म्हणूनच एकोडीच्या बाईंच्या मशीनमध्ये मी काय केलं, ते बाईंच्या घराबाहेर आजवर कुणाला पूर्ण सांगितलं नाही. बायकोलाही अर्धंच ठाऊक आहे.

बाई सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन होत्या. निवृत्त झाल्यावर त्या एका छोट्या संस्थेसाठी गावोगाव फिरून सिकलसेलची तपासणी करत. आमच्या भागात हा आजार बऱ्याच घरांत आहे. आईबापाच्या रक्तातून लेकरात उतरतो. नुसत्या वाहकाला स्वतःला काही होत नाही, पण आई आणि बाप दोघंही वाहक निघाले तर लेकराच्या वाट्याला सांधे ठणकणं, अंगातलं रक्त कमी होणं आणि दवाखाना येऊ शकतो. बाईंचा धाकटा भाऊ त्यातच गेला होता. तो कसा गेला हे त्या सांगत नसत. फक्त कुणाच्या घरी सोयरीक जुळतेय असं कळलं की न बोलावता जाऊन बसत आणि म्हणत, "आधी दोघांचं रक्त पाहून घ्या जी. पत्रिका मंग पाहा."

तपासलेल्या सगळ्यांची नोंद एका जुन्या प्रोग्राममध्ये होती. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या सुमारास कुणीतरी तो करून दिला होता. तालुक्यांच्या यादीत तिकडे गेलेले तालुके तसेच राहिले होते आणि बाई दर वेळी बाणाचं बटण दाबत दाबत ते ओलांडून साकोलीवर येत. कॉम्प्युटर बुद्धविहाराला लागून असलेल्या खोलीत ठेवलेला. एका उन्हाळ्यात तो सुरूच होईना आणि बाईंनी मला बोलावलं.

मशीन गेलं होतं, पण आतली डिस्क चांगली होती. संस्थेने नवा कॉम्प्युटर दिला, मात्र जुना प्रोग्राम नव्यावर चालत नव्हता. मी जुनी डिस्क जशीच्या तशी, तिच्यातल्या प्रत्येक अक्षरासकट, एका मोठ्या फाईलमध्ये उतरवली. हिला डिस्क इमेज म्हणतात. नव्या कॉम्प्युटरमध्ये एक व्हर्च्युअल मशीन तयार केलं, म्हणजे मशीनच्या आतलं खोटं मशीन, आणि त्याला ती फाईल डिस्क म्हणून दिली. सुरू केल्यावर पडद्यावर एका चौकटीत बाईंचा जुना कॉम्प्युटर उघडला. तेच चित्र, तोच प्रोग्राम.

बाईंनी चष्मा वर केला. "हे तं माह्यंच आहे गा. मेलेलं उठवलं तू."

मी फुगलो. त्याच दिवशी मी त्या मशीनचा एक स्नॅपशॉट घेतला. बाईंच्या हातून काही बिघडलं तर त्या दिवसापर्यंत मागे येता यावं, हा हेतू. स्नॅपशॉट घेतला की मूळ फाईल आहे तशी थांबते आणि त्यानंतरचं सगळं नवं लिखाण दुसऱ्या फाईलमध्ये जातं. दोन्ही मिळून एक मशीन. मूळ फाईलला मग हात लावायचा नसतो, कारण तिच्यात थोडा जरी बदल झाला तर दुसरी फाईल तिच्यावर बसत नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं. दुकानात येणाऱ्या पोरांना मीच शिकवत असे.

त्या दिवशी बाईंना मी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. त्या गावात फिरताना नोंदी चिठ्ठ्यांवर लिहीत आणि परत येऊन मशीनमध्ये भरत. चिठ्ठ्या डब्यात जपून ठेवलेल्या होत्या, त्यांना वाळवी लागली होती. मी म्हणालो, "बाई, हे कायले ठेवता? मशीनमध्ये भरलं की पक्कं झालं. जाळून टाका." दुसरं म्हणजे, "मी दर महिन्याले येऊन सगळ्याची कॉपी काढून नेईन."

चिठ्ठ्या त्यांनी जाळल्या. मी दोन महिने गेलो, मग गेलो नाही.

पुढे वर्ष होऊन वर दोनेक महिने गेले. कापणीचे दिवस होते. संस्थेचे एक साहेब नागपूरहून जीपने आले आणि दुकानासमोर थांबले. वर्षभरात तपासलेल्यांची यादी त्यांना त्याच दुपारी हवी होती. बाई दिघोरीला, बहिणीच्या सासरी कुणी वारलं होतं त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेल्या होत्या. मी साहेबांसोबत एकोडीला गेलो, शेजारून किल्ली घेतली, नवा कॉम्प्युटर सुरू केला. आतलं जुनं मशीन पासवर्ड मागत होतं.

साहेब म्हणाले, "त्यांना फोन लावा ना."

फोन माझ्या खिशात होता. लावला असता तर बाईंनी पासवर्ड सांगितला असता आणि गोष्ट इथेच संपली असती. पण साहेब तरुण होते, चांगलं बोलत होते, आणि गावातल्या दुकानदाराला किती येतं हे मला त्यांना दाखवायचं होतं. मी म्हणालो, "पासवर्डची काही गरजच नाही सर. आतलं मशीन बंद करून डिस्क बाहेरूनच उघडतो."

ते खरं आहे. डिस्कची फाईल बाहेरच्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्हसारखी जोडता येते. त्याला माउंट करणं म्हणतात. एक नवा ड्राइव्ह दिसू लागतो आणि आतल्या मशीनचं कुलूप तसंच राहून तुम्ही मागच्या दाराने घरात शिरता. तिथे एक छोटा चौकोन असतो, 'फक्त वाचण्यासाठी'. त्यात खूण असली की आतलं काही बदलत नाही. ड्राइव्ह उघडताना सूचना आली की डिस्कमध्ये गडबड आहे, दुरुस्त करायची का? दुरुस्तीसाठी ती खूण काढावी लागणार होती. मी काढली. साहेब मागे उभे होते. मी 'हो' दाबलं.

ड्राइव्ह उघडला. यादी सापडली. ती मी स्नॅपशॉट घेतला त्या दिवसापाशी संपत होती. माझ्या मनात पहिला विचार काय आला, तो लिहायची लाज वाटते: बाईंनी वर्षभर काही केलंच नाही, नुसता प्रवासभत्ता उचलला. मग डिस्कची फाईल जिथे ठेवली होती त्या फोल्डरमध्ये, तिच्या शेजारीच, दुसरी फाईल दिसली. मी मूळ फाईल उघडली होती, आणि उघडून बदलली होती.

साहेबांना फोन आला म्हणून ते बाहेर गेले. मी ड्राइव्ह काढला, व्हर्च्युअल मशीन सुरू करून पाहिलं. दोन डिस्क एकमेकींशी जुळत नाहीत, एवढंच ते म्हणत राहिलं. साहेब आत आल्यावर मी सांगितलं, "मशीनमध्ये थोडा प्रॉब्लेम आहे सर, यादी मागून पाठवतो." ते गेले.

त्यानंतर मी तासभर खटपट केली. शेवटी दुसरी फाईल सेटिंगमधून काढून टाकली, तेव्हा मशीन सुरू झालं. स्वच्छ, व्यवस्थित, वर्षभरापूर्वीचं. पण दुसरी फाईल फोल्डरमध्ये पडूनच होती. तिच्यावर त्याच दुपारची, साहेबांसमोर मशीन सुरू केलं तेव्हाची वेळ होती. जाणत्या माणसाने पाहिली असती तर तोवर सगळं ठीक होतं आणि त्यानंतर कुणीतरी हात घातला, हे त्याला लगेच कळलं असतं. नागपूरला असं जोडून देणारे लोक आहेत, हेही मला ठाऊक होतं. कदाचित जमलं असतं.

मी ती फाईल निवडली आणि शिफ्ट धरून डिलीट केली, म्हणजे ती कचऱ्याच्या डब्यातही राहू नये. खिडकीतून बाहेर बायका धानाच्या पेंढ्या डोक्यावर घेऊन जाताना दिसत होत्या. त्यातल्या एकीने माझ्याकडे पाहून मान हलवली. मीही हलवली. किल्ली परत दिली आणि लाखनीला आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाईंचा फोन. "बाबू, मशीनमधून माणसं गेली गा. सगळ्या वर्षाची."

मी गेलो. त्या खुर्चीवर न बसता खुर्चीची पाठ धरून उभ्या होत्या. मी कीबोर्डवर काहीबाही दाबून पाहिल्याचं नाटक केलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही बंद कसं करता? आतलं मशीन आधी बंद न करता सरळ मेन बटण दाबलं का कधी?"

"तू सांगतलं तसंच करतो."

"परवा दाबलं असेल. दिघोरीची घाई होती. काल साहेबांसोबत आलो तेव्हाच बिघडलेलं होतं."

 त्यांनी खरोखर आठवून पाहिलं. मग म्हणाल्या, "दाबलं असन. मले आठवत नाही गा."

मी नुसती मान हलवली, जणू त्यांना समजून घेत होतो.

पहिल्या दोन महिन्यांच्या नोंदी माझ्या कॉपीत होत्या; बाकीच्यांसाठी आठवड्याभरात त्यांनी ठरवलं की पुन्हा फिरायचं. ज्यांच्याकडे तपासणीचं कार्ड असेल त्यांचं उतरवून घ्यायचं, ज्यांचं हरवलं असेल त्यांचं रक्त पुन्हा घ्यायचं. काही गावांना बस जात नव्हती. त्यांनी मला विचारलं, "रविवारी तुह्या गाडीवर नेशील काय?" नाही कसं म्हणणार? वर लोक म्हणत होते, मोठा भला माणूस, स्वतःचं पेट्रोल घालून बाईला फिरवतो. तेही मी ऐकून घेतलं.

दुसऱ्या रविवारी तलावाच्या पाळीखालच्या एका वस्तीत गेलो. ढिवरांची घरं, अंगणात जाळी वाळत घातलेली. एका घरी कार्ड सापडेना. आईने पेटी उपसली, मडक्यांमागे पाहिलं, नाहीच. घरात सहा-सात वर्षांची मुलगी होती. बाईंनी पिशवीतून सुई काढताच ती दाराआड गेली.

"हिनं मांगच्या टायमालेही टोचलं होतं," ती आईला म्हणाली. "आता कायले?"

आईने तिला ओढून आणलं. मला म्हणाली, "दादा, जरा धरा हिले."

मी धरलं. तिचं मनगट माझ्या मुठीत मावत होतं. सुई लागायच्या आधीच ती रडायला लागली आणि सगळा वेळ माझ्याकडे पाहत राहिली, कारण धरलं मी होतं. बाईंनी रक्ताचा थेंब घेतला, कापूस लावला आणि त्या मुलीच्या आईसमोर हात जोडले.

"माह्या हातून चुकलं वो माय. मशीन बंद करता नाही आलं मले. लेकराले दुसऱ्यांदा दुखवलं. माफ कर."

मुलीची आई म्हणाली, "असू द्या बाई, वय झालं की होतं."

वय झालं की होतं!  परत बाईंच्या घरी पोचल्यावर पाणी प्यायला आत गेलो, तर स्वयंपाकघराच्या दारामागे कागद चिकटवलेले दिसले. त्यांच्याच अक्षरात. 'गॅस बंद केला का?' 'गोळी घेतली का?' 'मशीन: आधी आतलं, मग बाहेरचं.' मी ते वाचतोय हे त्यांनी पाहिलं.

"माह्या माईले असंच झालं होतं," त्या म्हणाल्या. "आधी भांडे कुठं ठेवले ते विसरे. मंग आमाले विसरली. म्या नागपूरले डॉक्टरले दाखवून आली मांगच्या हप्त्यात. तो म्हणते काही नाही. पण त्याले काय माहीत, म्या काय काय विसरून राहिली?"

पेला माझ्या हातात होता. मी तो खाली ठेवला आणि म्हणालो, "बाई, तुम्ही काही विसरल्या नाही. बटण तुम्ही दाबलं नव्हतं. माझ्या हातून झालं."

आणि सांगितलं. साहेब आल्याचं, फोन न केल्याचं, डिस्क बाहेरून जोडल्याचं, खूण काढल्याचं. त्या ऐकत राहिल्या. मशीनचं त्यांना सगळं कळलं असं नाही, पण पुढचा प्रश्न त्यांनी नेमका विचारला.

"मंग ते दुसरी फाईल? ते कुठी आहे?"

इथे मी पुन्हा खोटं बोललो. का बोललो याचं मला आजही धड उत्तर देता येत नाही. चूक कबूल करता आली होती. मुद्दाम पुसलं, हे तोंडातून निघेना. म्हणालो, "ती त्याच वेळी खराब झाली. गेली."

बाईंनी उठून दारामागचे कागद काढले. एकेक, नखाने कडा सोडवून, चुलीपाशी नेऊन ठेवले. मग म्हणाल्या, "पुढच्या रविवारी सात वाजता ये."

पुढचे तीन रविवार आम्ही फिरलो आणि दर सोमवारी मी एकोडीला जाऊन त्याच कॉम्प्युटरवर नव्या नोंदी भरल्या. बाई रागावल्या नव्हत्या. मला तर वाटू लागलं होतं की यातून मी सुटलो. मग एका सोमवारी त्या सहज म्हणाल्या, "माही भाची येऊन राहिली परवा. पुण्याले कॉम्प्युटरचंच काम करते. ते म्हणते खराब झालेली फाईलही कधी कधी जोडता येते. पाहू दे तिले."

माझ्याकडे दोन दिवस होते. भाचीला पाच मिनिटांत कळलं असतं. दुकानात गिऱ्हाइकं येत होती, मी त्यांच्याशी काय बोललो आठवत नाही. बुधवारी सकाळी मी एकोडीला गेलो. भाची आधीच आलेली होती, ओसरीवर चहा पीत होती. मला वाटलं होतं बाई एकट्या असतील. तिच्यासमोरच बोलावं लागलं.

"ती फाईल खराब झाली नव्हती," मी म्हणालो. "मी पुसली. कुणाला कळू नये म्हणून."

भाचीने कप खाली ठेवला. बाईंकडे न पाहता तिने मला विचारलं, "कधी?"

"त्याच दिवशी."

"आणि त्यानंतर त्या कॉम्प्युटरवर काही लिहिलंय?"

पुसलेली फाईल लगेच नाहीशी होत नाही. तिची जागा फक्त मोकळी म्हणून नोंदली जाते, आणि त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ती परत मिळू शकते. हे तिला सांगायची गरज नव्हती आणि मलाही. रोजची हीच तर माझी भाकर. तीन आठवडे त्याच डिस्कवर मी नोंदी भरत होतो, त्याशिवाय स्वतःच्या हुशारीने प्रिंटरचा नवा प्रोग्राम आणि आणखी बरंच काही टाकलं होतं.

तरी ती दिवसभर बसली. मी बाजूला उभा राहून ती मागेल ते देत होतो. संध्याकाळी तिने तुकडे दाखवले: कुठे अर्धं नाव, कुठे गाव, कुठे नुसतं वय. माणूस एकही पूर्ण निघाला नाही. ती म्हणाली, "तीन आठवड्यांपूर्वी मिळालं असतं, मावशी. बहुतेक सगळं."

 मी निघताना बाई दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "तुमची पिशवी राहिली."

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. मी पिशवी घेतली. दोन शिव्या दिल्या असत्या तर गाडी सुरू करणं सोपं गेलं असतं.

राहिलेली गावं त्यांनी भाचीसोबत आणि मग एका शिक्षिकेच्या स्कूटीवर केली. मला बोलावलं नाही. सगळी घरं सापडली, एक सोडून. त्या घरातले नवरा-बायको कामासाठी परराज्यात गेले होते आणि बायकोला दिवस होते. बाईंना एवढंच आठवत होतं की त्या आळीतल्या कुणातरी जोडप्यात दोघंही वाहक निघाले होते आणि आपण त्यांना समजवायला जाणार होतो. पुन्हा तपासल्यावर शेजारचं जोडपं तसं निघालं, पण आठवणीतलं ते शेजारचंच की हेही, हे त्यांना सांगता येईना. या वेळी ते खरोखर आठवत नव्हतं. वर्षभरात तपासलेल्या इतक्या माणसांचं कोण लक्षात ठेवणार? लक्षात ठेवायला तर मशीन होतं.

हे मला त्या शिक्षिकेकडून कळलं. मी त्या नवऱ्याच्या भावाकडे गेलो, नंबर घेतला, फोन लावले. कधी लागे, कधी नाही. लागला तर तो म्हणे, "मालक सुट्टी देत नाही." मी तिकडच्या दवाखान्याचा पत्ता काढून दिला. ते गेले की नाही, माहीत नाही. उन्हाळ्यात ते परतले, लेकरू झालेलं होतं. बाईंनी तिघांचं रक्त घेतलं. बाप वाहक, आई नाही. लेकरू ठीक. हे शिक्षिकेने दुकानात येऊन सांगितलं. पण त्यात माझा काही हात नव्हता. ते दुसरं जोडपं असतं तरी मी इथेच, याच दुकानात, पेचकस घेऊन बसलेला असतो.

पुढच्या वर्षी संस्थेने जुना प्रोग्राम बंद करून नवा आणला. जुन्यातल्या नोंदी नव्यात न्यायच्या होत्या. भाची पुण्याला होती, म्हणून बाईंनी शिक्षिकेकरवी मला निरोप दिला. मी गेलो. डिस्क जोडायच्या आधी तिची पूर्ण कॉपी काढली, मग कॉपीच जोडली, 'फक्त वाचण्यासाठी'. हे करताना बाई शेजारी खुर्ची घेऊन बसल्या होत्या. त्यांनी बोट दाखवून विचारलं, "ते खूण आहे?"

"आहे बाई."

यादी छापून निघाली. बाईंनी मांडीवर मोठं रजिस्टर उघडलं, त्यात आता प्रत्येक नोंद शाईने लिहिलेली असे. छापलेल्या यादीतलं एकेक नाव त्या पट्टी सरकवत रजिस्टरशी ताडून पाहू लागल्या. मला जा म्हणाल्या नाहीत, बसा म्हणाल्या नाहीत. मी बसून राहिलो. दोन तास लागले. एका नावात काना राहिला होता, तेवढा त्यांनी लाल पेनने दिला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"एवढं दुरुस्त करून द्या," त्या म्हणाल्या. "बाकी बरोबर आहे."